शृंगेरीची लूट आणि चार दरबारांचा धर्म

बंगळुरूच्या कृष्णराजेंद्र मार्केटमधून शेवंतीचे ढीग आणि बसचे भोंगे चुकवत बाहेर पडले की जुन्या किल्ल्याचा उरलेला तुकडा समोर येतो. त्याला दिल्ली दरवाजा म्हणतात. तटाला बसवलेली एक इंग्रजी पाटी सांगते, की २१ मार्च १७९१ रोजी इथल्याच खिंडारातून ब्रिटिशांनी हल्ला चढवला. तिथून काही मिनिटांच्या चालीवर टिपू सुलतानाचा सागवानी खांबांचा उन्हाळी महाल आहे. हैदरअलीने १७८१ मध्ये त्याचे काम काढले, टिपूने १७९१ मध्ये ते पुरे केले आणि त्याच वर्षी शहर गमावले. महालाला लागूनच कोटे वेंकटरमणाचे देऊळ आहे. वोडेयार घराण्यातल्या चिक्कदेवराजाने ते सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. सुलतान सज्जात उभा राहिला, तर देवळाची घंटा त्याला सहज ऐकू जावी इतके ते जवळ.

मराठी माणसाने त्या पाटीपुढे जरा थबकावे. पाटीवर नाव एकट्या ब्रिटिशांचे आहे, पण त्या युद्धात ते एकटे नव्हते. पुण्याचे पेशवे त्यांच्या बाजूने उतरले होते आणि हैदराबादचा निजामही. बंगळुरू पडले त्याच सुमारास मराठी फौजेतल्या एका टोळीने तुंगेच्या काठचा शृंगेरीचा मठ लुटला. आद्य शंकराचार्यांच्या नावाने चालणारे ते पीठ. स्वामींना मठ सोडून जावे लागले. त्यांच्या मदतीला धावून आला तो टिपू.

ब्राह्मण पेशव्याच्या जरीपटक्याखाली आलेल्यांनी मठातल्या शारदादेवीचे देऊळ नासवावे, आणि मलबार-कोडगूत माणसे बाटवणाऱ्या सुलतानाने तिच्या पुनःस्थापनेचा खर्च उचलावा, हे वाचून आज कोणीही गोंधळेल. पण हा गोंधळ आपला आहे, त्यांचा नव्हता. त्या काळच्या दरबारांना आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक होते.

जुनी ओळख

बंगळुरू मराठ्यांना परके नव्हते. केंपेगौडाने वसवलेले हे गाव १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे ते व्यंकोजींकडे गेले. व्यंकोजी तंजावरात स्थिरावल्यावर त्यांना इतक्या लांबचे ठाणे सांभाळणे जड झाले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले आणि चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना देऊन टाकले. विजापूरच्या सुलतानाचा मराठा जहागीरदार, मोगलांचा सरदार, म्हैसूरचा वैष्णव राजा असा या गावाचा प्रवास झाला. त्यात कोणाच्या धर्माची अडचण कोणाला झाल्याचे दिसत नाही. अडचण असलीच तर पैशाची होती.

अठराव्या शतकाच्या मध्यावर पेशव्यांची फौज पुन्हा या मुलखात येऊ लागली. १७५९च्या सुमारास गोपाळराव पटवर्धनांनी बंगळुरूला वेढा घातला. तो परतवताना एका महत्त्वाकांक्षी शिलेदाराचे नाव झाले. तो हैदरअली. मिरज, तासगाव, कुरुंदवाडचे पटवर्धन आणि म्हैसूरचे हैदर-टिपू यांच्यातला दावा इथून सुरू होतो, आणि पुढची चाळीस वर्षे कृष्णा ते तुंगभद्रेमधला मुलूख त्यात भरडला जातो.

१७८५ मध्ये टिपूने नरगुंद घेतले. तिथले देसाई व्यंकटराव भावे हे पटवर्धनांच्या सोयरिकीतले. त्यांना कैद करून दक्षिणेत नेले, तेव्हा पुण्यात धर्मबुडवेपणाची ओरड झाली. ती खोटी नव्हती, पण पुरीही नव्हती. नरगुंदची खंडणी कोणी घ्यायची हा वाद आधीपासून पेटलेला होता. १७८७ मध्ये गजेंद्रगडच्या तहाने ती लढाई थांबली आणि नरगुंद, कित्तूर, बदामी मराठ्यांकडे आली. सुलतानाशी तह करताना पुण्याच्या मुत्सद्द्यांना संकोच वाटला नाही.

खलिफाच्या दारात

याच वर्षांत टिपू एका वेगळ्या पेचात होता. त्याच्या बापाने म्हैसूरच्या वोडेयारांची गादी प्रत्यक्षात बळकावली होती, पण नाव त्यांचेच ठेवले होते. हैदरच्या सोन्याच्या होनांवर शिवपार्वतीची मूर्ती होती, कारण बाजारात तेच नाणे खरे मानले जाई. टिपूला मात्र स्वतःच्या नावाने पातशहा व्हायचे होते. दिल्लीचा मोगल बादशहा त्याला मान द्यायला तयार नव्हता. निजाम त्याला उपटसुंभ समजे, मराठे तर त्याला म्हैसूरचा एक नाईक मानत.

तेव्हा टिपूने दिल्ली ओलांडून इस्तंबूलकडे पाहिले. गुलाम अलीखानाच्या हाताखाली एक मोठी वकिलात १७८६ मध्ये कारवारच्या बाजूच्या तदडी बंदरातून निघाली. मस्कत, बसरा, बगदाद करीत ती १७८७ मध्ये उस्मानी सुलतान पहिल्या अब्दुल हमीदच्या दरबारी पोचली. वकिलांनी खलिफाकडे मान्यता मागितली. सोबत बसऱ्याच्या बंदरात व्यापाराची सवलत मागितली, त्या बदल्यात मंगळूरमध्ये सवलत देऊ केली आणि इंग्रजांविरुद्ध मदतही मागितली. म्हणजे खलित्याचा मायना धर्माचा आणि आतली कलमे मिरी, चंदन, तोफा यांची.

मान्यतेचे कागद आणि मानाचे पोशाख मिळाले. फौज मिळाली नाही. उस्मानी साम्राज्य त्याच वर्षी रशियाशी लढाईत गुंतले होते, इंग्रजांना दुखावणे त्यांना परवडणारे नव्हते. शेकडो माणसे घेऊन निघालेल्या वकिलातीला वाटेत वादळांनी आणि रोगराईने गाठले, परत आलेले मोजके होते. दरम्यान टिपूची दुसरी वकिलात फ्रान्सला गेली आणि ऑगस्ट १७८८ मध्ये व्हर्सायला सोळाव्या लुईपुढे उभी राहिली. खलिफा आणि ख्रिस्ती राजा, दोघांकडे मागणे एकच होते. राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर असलेल्या लुईनेही गोड बोलून त्यांना परत पाठवले.

टिपूने मग आपल्या नाण्यांना खलिफांची आणि इमामांची नावे दिली. मोहरेला अहमदी, होनाला फारुकी, रुपयाला इमामी. बापाच्या होनावरचे शिवपार्वती आणि मुलाच्या होनावरची फारुकी ही अक्षरे शेजारी ठेवली, तर एका पिढीत राजाने आपल्या हक्काचे मूळ कुठून कुठे हलवले ते दिसते. कोडगू आणि मलबारात बंड झाले तिथे धर्मांतर ही शिक्षा झाली. मंगळुरी ख्रिस्ती लोकांना १७८४ मध्ये हजारोंनी राजधानी श्रीरंगपट्टणला हाकत नेले, कारण ते इंग्रजांना फितूर असल्याचा संशय होता. कोडगूच्या धर्मांतराची फुशारकी टिपूच्या स्वतःच्या फारसी पत्रांत आहे. ती पत्रे कर्नल कर्कपॅट्रिक या इंग्रजाने १८११ मध्ये भाषांतरून छापली. छापणारा शत्रुपक्षाचा होता हे ध्यानात ठेवले, तरी बाटलेली माणसे काल्पनिक होत नाहीत.

आणि याच टिपूचा दिवाण पूर्णय्या देशस्थ माध्व ब्राह्मण होता. याच टिपूच्या राजधानीच्या कोटात श्रीरंगनाथाची पूजा चालूच राहिली. जो प्रदेश निमूट महसूल देई तिथली देवळे सुखरूप, जो उठाव करी तिथे देवळांवर आणि देहांवर हात, असा हा कारभार होता.

पुण्याचा तह

डिसेंबर १७८९ मध्ये टिपूने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. त्रावणकोरचा राजा इंग्रजांचा दोस्त. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसला निमित्त मिळाले. अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेल्याचा डाग त्याला धुवायचाही होता. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटने नाना फडणविसांशी बोलणी केली आणि १ जून १७९० रोजी तह झाला. महिन्याभरात निजामही सामील झाला. जिंकलेला मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यायचा ठरले.

या तहाकडे धर्माच्या चष्म्यातून पाहिले तर काहीच जुळत नाही. एका बाजूला ब्राह्मण पेशवा, मुसलमान निजाम आणि इंग्रजांची ख्रिस्ती ईस्ट इंडिया कंपनी. दुसऱ्या बाजूला मुसलमान सुलतान, त्याचा ब्राह्मण दिवाण आणि नोकरीतले फ्रेंच. नकाशा उघडला की सगळे जुळते. नानांना कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख हवा होता. निजामाला कडप्पा, गुत्ती. कंपनीला मलबारची मिरी आणि कर्नाटकाच्या घाटवाटा.

परशुरामभाऊ पटवर्धन सप्टेंबर १७९० मध्ये धारवाडला वेढा घालून बसले. मुंबईहून आलेला कॅप्टन लिटल आपली पलटण घेऊन सोबत होता. किल्लेदार बद्रुज्जमानखानाने सहा महिन्यांहून अधिक काळ किल्ला झुंजवला आणि एप्रिल १७९१च्या सुरुवातीला तो खाली केला. तोवर कॉर्नवॉलिसने बंगळुरूचे काम उरकले होते.

बंगळुरूचे खिंडार

कॉर्नवॉलिस वेल्लोरहून निघाला आणि टिपूला चकवून अनपेक्षित घाटाने वर चढला. ७ मार्चला त्याने बंगळुरूची पेठ घेतली. आजचा चिकपेट, अॅव्हेन्यू रोड, बळेपेट हा भाग म्हणजे ती पेठ. वेशीशी झालेल्या चकमकीत कर्नल मूरहाउस पडला. पेठ हाती येताच गोऱ्या शिपायांनी ती लुटली. टिपूने ती परत घेण्यासाठी फौज पाठवली, पण गल्लीबोळांतल्या लढाईत त्याची माणसे मोठ्या संख्येने पडली. दोन आठवडे तोफा किल्ल्यावर चालल्या. २१ मार्चच्या रात्री चांदण्यात इंग्रज पलटणी खिंडारावर चढल्या. किल्लेदार बहादूरखान खिंडारातच लढता लढता पडला.

हे सगळे घडत असताना मराठ्यांची मुख्य फौज धारवाडच्या मोर्च्यांत अडकलेली होती. धारवाड मोकळे झाल्यावर भाऊ दक्षिणेकडे निघाले, दुसऱ्या वाटेने हरिपंत फडके येत होते. पण कॉर्नवॉलिस त्यांच्यासाठी थांबला नाही. मेमध्ये तो श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला. १५ मेची लढाई त्याने जिंकलीही, पण बैल मेले, दाणा संपला आणि पावसाळा तोंडावर आला. शेवटी आपल्याच अवजड तोफा फोडून त्याने माघार घेतली. उपाशी फौज परत फिरली तेव्हा समोरून घोडेस्वार येताना दिसले. इंग्रजांना वाटले शत्रू. ती परशुरामभाऊंची आघाडी होती.

मराठ्यांच्या बाजाराने इंग्रजांची फौज त्या वेळी जगवली. दर चढे होते, पण धान्य होते. त्या बाजाराची नोंद इतिहासकार मार्क विल्क्सने करून ठेवली आहे. काश्मिरी शालीपासून इंग्रजी बनातीपर्यंत, पाणीदार हिऱ्यांपासून बर्मिंगहॅमच्या चाकूपर्यंत सगळे तिथे मिळे. आणि त्यातच लुटल्या गेलेल्या एखाद्या गरीब खेड्यातल्या पोरीच्या कानातले चांदीचे डूल. शृंगेरी समजून घ्यायला हा बाजार आधी डोळ्यांपुढे आणावा लागतो.

तुंगेच्या काठी

मराठी फौज म्हणजे एकसंध शिस्तीचे सैन्य नव्हते. पगारी स्वार, सरदारांची पथके, त्यांच्या मागे बाजारबुणगे, बैलांच्या तांड्यांवर धान्य वाहणारे लमाण आणि पेंढारी. पेंढाऱ्यांना पगार नसे. सरदाराला पालपट्टी भरावी आणि लुटीची मुभा घ्यावी, हा त्यांचा करार. शत्रूच्या मुलखात लमाण दाणा आणत, तेही बहुधा लुटूनच. फौजेचे पोट ज्यांच्यावर चाले त्यांच्या हाताकडे सरदार बारकाईने पाहत नसत.

शृंगेरी बिदनूरच्या प्रांतात, म्हणजे टिपूच्या राज्यात. १७९१च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मराठी फौजेची एक तुकडी त्या बाजूला वळली. मठ श्रीमंत होता. विजयनगरच्या काळापासून राजे-महाराजांनी त्याला गावे, दागिने, भांडी अर्पण केलेली. पेशवेही शृंगेरीच्या स्वामींना मानत. पण टोळीने मठाची मालमत्ता नेली, माणसे मारली आणि शारदेची मूर्तीही जागेवरून हलवली. पीठावर तेव्हा तिसरे सच्चिदानंद भारती होते. ते शृंगेरी सोडून कारकळला गेले.

पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे या प्रकाराचा दोष लमाणांवर आणि पेंढाऱ्यांवर टाकतात. ते बहुधा खरेही असेल. पण पालपट्टी घेणारा हात आणि दोष झटकणारा हात एकाच सरदाराचा होता. लुटणाऱ्याच्या मनात शारदेबद्दल द्वेष असण्याची काहीच गरज नव्हती. ते शत्रूच्या मुलखातले श्रीमंत ठिकाण होते, एवढे पुरले.

सुलतानाची पत्रे

कारकळहून स्वामींनी टिपूला कळवले. जुलै १७९१ मधले टिपूचे उत्तर कन्नडमध्ये आहे. अशा पुण्यस्थानाचा द्रोह करणाऱ्यांना आपल्या कर्माची फळे लवकरच भोगावी लागतील, असे त्याने लिहिले. बिदनूरच्या अधिकाऱ्याला हुकूम गेला, की शारदेच्या पुनःस्थापनेसाठी २०० रहाती रोख आणि २०० रहाती किमतीचे धान्य मठाला पोचते करावे. रहाती म्हणजे टिपूचे छोटे सोन्याचे नाणे. पुढे देवीसाठी वस्त्रे आली, पालखी आली. पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला. त्यात तो स्वामींना जगद्गुरू म्हणतो आणि राज्याच्या शत्रूंच्या नाशासाठी शतचंडी, सहस्रचंडी करायला सांगतो. त्या अनुष्ठानांचा खर्चही सरकारातून गेला.

या पत्रांचे दोन अर्थ लावले जातात. एक म्हणजे टिपू सर्वधर्मसमभावी होता. दुसरा म्हणजे बुडत्याने काडीचा आधार घेतला. पहिला अर्थ कोडगू विसरतो. दुसरा अर्थ हे विसरतो, की देवाधर्माच्या सामर्थ्यावर टिपूचा खरोखर विश्वास होता. तो स्वतःची स्वप्ने लिहून ठेवी आणि ज्योतिषांचे ऐके. त्याचे वागणे समजायला तिसरी गोष्ट पाहावी लागते. शृंगेरीचे पीठ त्याच्या राज्यातले होते, निष्ठावंत होते, आणि त्याच्या शत्रूने लुटले होते. त्या काळी राजाचे राजेपण अशा पीठांच्या रक्षणावरून ठरे. जे मराठ्यांनी करायला हवे होते ते आपण केले, हे दाखवण्याची याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती. श्रद्धा, कर्तव्य आणि राजकारण हे तिन्ही त्या २०० रहातींत होते. ते वेगळे काढून मोजायचा हट्ट आपला आहे.

पुण्याची नामुष्की

पुण्याला ही बातमी बोचली. शंकराचार्यांचा मठ आपल्या फौजेने लुटला, हे पेशवाईच्या धर्मरक्षक म्हणवणाऱ्या प्रतिमेला शोभणारे नव्हते. भाऊंकडे विचारणा झाली. पण लूट बाजारात केव्हाच विकली गेली होती, आणि युद्ध जिंकायचे तर भाऊ हवे होते.

त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात काय घडले ते पाहा. कोतवाल घाशीराम सावळादास याच्या कोठडीत दक्षिणेतून आलेले काही तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी नानांनी घाशीरामाला जमावाच्या हवाली केले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. श्रावणातल्या रमण्याच्या दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येत. त्यांचा जीव पुण्याच्या कोठडीत गेला, तेव्हा कोतवालाचा बळी देण्यावाचून नानांना गत्यंतर उरले नाही. शृंगेरीत मेलेल्यांसाठी मात्र कोणाचाही बळी पडला नाही. धर्माची चाड होती, पण ती राजधानीत हमरस्त्यावर दिसे. सरहद्दीपलीकडे तिचा हात पोचत नसे.

हिशेब

फेब्रुवारी १७९२ मध्ये तिन्ही फौजांनी श्रीरंगपट्टण गाठले. १८ मार्चच्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले. त्याला तीन कोटी तीस लाख रुपये खंडणी मान्य करावी लागली आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. नानांना आणि हरिपंतांना टिपू पुरता बुडालेला नको होता, इंग्रजांना अटकाव करायला तो उरायला हवा होता. मराठ्यांना कृष्णा-तुंगभद्रेमधला मुलूख मिळाला.

त्याच जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले. दिल्लीचा बादशहा शाह आलम याने पेशव्याला दिलेले वकील-इ-मुतलक हे पद आणि गोवधबंदीचे फर्मान त्यांनी समारंभाने दरबारात सादर केले. मुसलमान बादशहाची गोवधबंदी ब्राह्मण पेशव्याने मानाने डोक्याला लावली. ज्या मान्यतेसाठी टिपूने माणसे इस्तंबूलपर्यंत धाडली, तीच पुण्याने दिल्लीहून आणवली. दोघांनाही अधिकार हवा होता, आणि अधिकाराला त्या काळी दूरच्या गादीचा शिक्का लागे.

इस्तंबूलचा उलटा निरोप

खलिफाचे नाव पुढे टिपूवरच उलटले. १७९८ मध्ये बोनापार्ट इजिप्तमध्ये उतरला. उस्मानी सुलतान तिसरा सलीम फ्रेंचांवर संतापला आणि इंग्रजांचा मित्र झाला. नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने ही संधी सोडली नाही. सप्टेंबर १७९८ मध्ये सलीमने टिपूला पत्र लिहिले, की फ्रेंच हे इस्लामचे शत्रू आहेत, तू इंग्रजांशी भांडू नकोस. ते पत्र टिपूकडे पोचवले कोणी? इंग्रजांनीच. ज्या खलिफाच्या नावावर टिपूने पातशाही उभी केली, त्याचाच हुकूम ख्रिस्ती कंपनीने त्याच्या पुढ्यात ठेवला. फेब्रुवारी १७९९ मधल्या उत्तरात टिपूने इंग्रजांच्या अन्यायाचा पाढा वाचला. जानेवारीत कैरोहून बोनापार्टने त्याला लिहिलेले पत्र वाटेतच इंग्रजांच्या हाती लागले होते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू तटाच्या दरवाजाशी मारला गेला. या खेपेला पुण्याची फौज तिथे नव्हती. त्याच सप्टेंबरात परशुरामभाऊ कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला पडले. पूर्णय्या मात्र टिकले. बाल वोडेयार राजाला गादीवर बसवून इंग्रजांनी त्यांनाच दिवाण केले.

दप्तरे बोलू लागली

शंभर वर्षांहून अधिक काळ शृंगेरीची कहाणी दोन ठिकाणी दोन भाषांत पडून होती. मिरजेचे शाळामास्तर वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातली मोडी पत्रे लावून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड छापले, त्यांत फौजेच्या बाजूची हकीकत आली. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना शृंगेरीच्या मठात टिपूची पत्रे मिळाली, त्यांत सुलतानाची बाजू आली. खरेशास्त्रींनी आपल्याच माणसांची काळी बाजू दडवली नाही. हा मराठी इतिहासलेखनाचा वारसा आहे, आणि तो सांगताना संकोचू नये.

बंगळुरूत आज ही पत्रे पुन्हा राजकारणात आली आहेत. कर्नाटक सरकारने २०१५ मध्ये टिपू जयंती सुरू केली, तेव्हा कोडगूत दंगल उसळली आणि माणसे दगावली. २०१९ मध्ये नव्या सरकारने ती बंद केली. एका बाजूने शृंगेरीची पत्रे फडकवली, दुसऱ्या बाजूने कोडगूची. दोन्ही पत्रे एकाच माणसाची, एकाच दशकातली, आणि दोन्ही खरी. मराठ्यांचे नाव आले की इकडचे काहीजण पेंढाऱ्यांकडे बोट दाखवतात, तिकडचे काहीजण सगळ्या मराठेशाहीकडे.

१७९१च्या चार दरबारांत धर्म सगळीकडे होता. शपथेत होता, नाण्यावर होता, अनुष्ठानात होता. पण फौजांनी वळण घेतले ते मुलखाच्या आणि महसुलाच्या हिशेबाने. ज्यांनी धर्म मनापासून मानला, त्यांना शेवटी त्याची किंमत मोजावी लागली. कारकळला निघालेले स्वामी, कोडगूतले शेतकरी, श्रीरंगपट्टणला चालत नेलेले मंगळुरी ख्रिस्ती हे सगळे या हिशेबाच्या खर्चाच्या बाजूला आले.

श्रीरंगपट्टणच्या तहात मुलखाची वाटणी आहे, खंडणीचे हप्ते आहेत, कैद्यांची सुटका आहे, ओलिसांची सोय आहे. शृंगेरीचे नाव त्यात कुठेही नाही.